रेइनो वाद घालत नाही

बाहेर उणे तीस होतं आणि तळघरातल्या, घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीला सकाळपासून उसंत नव्हती. लेम्पीने खिडक्यांना हिवाळ्याचं प्लास्टिक चिकटवलेलं. घरात झुळूकही शिरत नव्हती. शनिवार म्हणून अंगणातल्या साउनाची, वाफेच्या न्हाणीघराची, चूल मात्र तिने पेटवून ठेवली होती.

तिचं डोकं आठवडाभर ठणकत होतं. लाकडं आणायला बाहेर पडलं की उतरायचं. काल भिंतीवरचा विषारी वायूचा अलार्म ओरडू लागला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, रेइनोने, "बॅटरी गेलीय," म्हणत तो काढून ड्रॉवरमध्ये टाकला होता.

मुरंब्याची बरणी आणायला ती तळघरात उतरली आणि भट्टीच्या झरोक्याकडे तिचं लक्ष गेलं. ज्योती निळ्या, सरळ होत्या. गरम हवा घरात सोडणारा भट्टीचा पंखा सुरू झाला आणि त्या एका बाजूला कलल्या, पिवळ्या पडल्या. पंख्याची हवा ज्योतीला लागताच कामा नये. मध्ये पत्रा असतो. त्याला भेग गेली होती. तिथून कार्बन मोनॉक्साइड घरभर पसरत होता, आणि त्याला वास नसतो.

स्विच बंद करून ती वर धावली.

"रेइनो, ऊठ. बाहेर चल. भट्टी बंद केलीय."

"बरं," तो म्हणाला आणि खुर्चीतच बसून राहिला.

लग्न झाल्यापासून या माणसाने तिचं काहीही मुकाट ऐकलं नव्हतं. वायू त्याला चढला असावा.

"पाण्याचे पाइप गोठतील, रेइनो," ती मुद्दाम म्हणाली.

"गोठू देत."

तिने त्याला काखेत हात घालून उठवलं, अंगावर कोट टाकला आणि ओढतच साउनाच्या बाहेरच्या खोलीत नेऊन बसवलं. अग्निशमन दलाला फोन तिथूनच केला. कोटाच्या खिशात त्याची रोजच्या गोळ्यांची डबी नव्हती, ती घरातच राहिली होती. घराचं दार समोरच होतं, पण ती घरात परत गेली नाही.

अग्निशमनवाल्यांनी गॅसचा नळ फिरवला, भट्टीला बंदीची लाल चिठ्ठी लावली. "आतल्या पत्र्याला भेग आहे. नवी भट्टी बसवल्याशिवाय पेटवायची नाही, आजी."

रुग्णवाहिकेत रेइनोच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. लेम्पी त्याचं मनगट धरून बसली होती. बऱ्याच वेळाने त्याने मास्क उचलला.

"नवी कशाला? भेगेला सिमेंट लावलं की झालं. आणि पाइपांचं काय? तुला काही कळत नाही, लेम्पी."

"नाही कळत," म्हणत तिने मास्क परत बसवला. वाद घालणारा रेइनो परत आला होता; तिने त्याचं मनगट पुन्हा धरलं.