बिनपाळीचं पाणी

"अहो, लवकर या! ह्याला फूल आलंय!"

चावीवाल्याच्या तोंडात ब्रश होता. तो तसाच फेसाळ तोंडानं खिडकीशी गेला. बायको कालच माहेराहून परतली होती. आईचं कमरेचं हाड मोडलं म्हणून थंडीचे दोन महिने ती तिकडे राहिली होती, आणि जाताना नवऱ्याला एकच काम सांगून गेली होती : खिडकीतल्या निवडुंगाला आठवड्यातून एकदा चमचाभर पाणी. चावीवाल्यानं दोन महिन्यांत थेंबही घातला नव्हता. विसरला म्हणून नव्हे. आठवणीनं घातला नव्हता.

आणि आता त्या मेल्याच्या डोक्यावर वाटीएवढं गुलाबी फूल!

"तुमच्या हाताला गुण आहे हं," बायको म्हणाली आणि तिनं त्याचा ओला हात धरला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा आलं. त्यांच्या वेळीसुद्धा कधी आलं नव्हतं."

'ते' म्हणजे तिचा पहिला नवरा. तो ट्रक चालवायचा. वाळवंटातल्या रस्त्यावर एकदा त्याचा ट्रक बंद पडला. मदत येईपर्यंत त्यानं दोन दिवस ट्रकच्या सावलीत काढले आणि निघताना समोरच्या निवडुंगाचं बोटभर पिल्लू उपटून बायकोसाठी जेवणाच्या डब्यात घालून आणलं. "माझा घसा सुकला तिथं हा मजेत उभा होता," असं सांगायचा म्हणे. पुढे त्याच रस्त्यावर तो अपघातात गेला. पिल्लू हातभर वाढलं, आणि बाईनं दुसरं लग्न केलं तेव्हा दोन ट्रंका आणि शिलाई मशीन यांच्याबरोबर चावीवाल्याच्या घरात आलं. बाईला सवत येते. पुरुषाला जो येतो त्याला काय म्हणतात, ते चावीवाल्याला ठाऊक नव्हतं. तो आपला मनातल्या मनात कुंडीला 'ड्रायव्हर' म्हणायचा.

भिंतीवर फोटो असता तर एखाद्या दिवशी खिळा निसटला असं सांगता आलं असतं. हा तर जिवंत होता. घरात ऊन येणारी खिडकी एकच, तीही ह्यानं पटकावलेली. त्याच्यासाठी चावीवाल्याची खुर्ची कोपऱ्यात सरकली होती.

त्या संध्याकाळी बायको फुलासमोर स्टूल ओढून बसली. मांडीवरचं शिवण तसंच पडलं होतं.

"आज ते असते ना, तर नाचले असते," ती म्हणाली.

चावीवाला आयुष्यात कधी नाचला नव्हता.

त्याचं काम पाणी सोडण्याचं. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकायची, गल्लीगल्लीत जाऊन रस्त्यातलं झाकण उचलायचं आणि त्या त्या गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवायचा. गावाला पाणी कमी, म्हणून प्रत्येकाची पाळी ठरलेली. खांद्यावर चावी असली की लोक त्याला 'साहेब' म्हणत, नसली की ओळखत नसत. रोपवाल्याचं दुकान त्याच्याच वाटेवर होतं.

"काय हो, पाणी न घालता फूल येतं का?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"निवडुंग ना? न घालता म्हणूनच येतं!" रोपवाला खुशीत आला. "थंडीत कोरडा ठेवा, मग बघा कसा फुलतो. अहो, त्याच्या अंगातच टाकी असते. पानांतून पाणी उडतं, म्हणून पानंच ठेवत नाही. त्यांचे काटे करून टाकलेत. दिवसा अंगावरची बारीक तोंडं मिटून बसतो, ऊन उतरलं की उघडतो. मुळं जमिनीत वरच्यावरच पसरलेली. कधीमधी सर आली की गटागट! तुमच्या पाणीखात्यापेक्षा हुशार आहे तो."

"मग मरतो कशानं?"

"पाण्यानं," रोपवाला हसला. "तहानेला नाही बधत. पण लोक मायेनं घालतात, घालतात, आणि एक दिवस बुडखा सडतो. अति तिथं माती, दुसरं काय."

दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरला पहाटे ग्लासभर पाणी मिळू लागलं. अख्ख्या गावाला दिवसाआड, आणि ह्याला रोज, बिनपाळीचं. बायको अंघोळीला गेली की चावीवाला ग्लास रिकामा करायचा आणि बशीत उतरलेलं पाणी फडक्यानं टिपून घ्यायचा.

निवडुंग टरारून फुगला. "बघा, कसं अंग धरलंय!" बायको हरखून म्हणायची. तिनं चावीवाल्याच्या गणवेशाची कॉलर उलटून शिवली, न सांगता दुसरा चहा पुढ्यात येऊ लागला. लग्न झाल्यापासून इतकी माया त्याच्या वाट्याला आली नव्हती. पण त्यातही ड्रायव्हरचा वाटा होताच, आणि तेच त्याला झोंबत होतं.

मग एका दुपारी तो घरी आला तेव्हा कुंडी जमिनीवर होती आणि बायको तिच्यापाशी बसली होती. निवडुंग एका अंगाला कलला होता. खालचा भाग तपकिरी, लिबलिबीत. खोलीत कुजका वास भरला होता.

"मीच घालवला," ती म्हणाली. ती रडत नव्हती. "फूल आल्यापासून मला राहवेना. मधूनमधून चमचा चमचा जास्तीचं घालत होते."

"अगं..."

"माझ्या हाती दिलेलं टिकत नाही हो काही. ते गेले त्या दिवशी त्यांच्या अंगात ताप होता. नको जायला म्हणत होते. मीच म्हटलं, जा, खाडा कशाला करता."

हे तिनं त्याला कधीच सांगितलं नव्हतं. चावीवाला नुसता गप्प राहिला असता तरी पुरे होतं. कुंडी गेली असती, ड्रायव्हर गेला असता, खुर्ची खिडकीशी आली असती. त्यानं खांद्यावरची चावी खाली ठेवली.

"चमच्यानं काही होत नाही त्याला," तो म्हणाला. "मी घालत होतो. रोज ग्लासभर."

"तुम्ही? कशाला? फूल यावं म्हणून?"

"नाही. मरावा म्हणून. मला नको होता तो घरात."

बायको उठली, सुरी घेऊन आली आणि खालून एकेक चकती कापू लागली. तपकिरी, तपकिरी, पिवळट. स्वच्छ हिरवं लागेपर्यंत ती थांबली नाही. हातभर निवडुंगाचा वीतभर तुकडा उरला.

"ह्याला आता माती नाही, पाणी नाही," ती म्हणाली. "अंगातल्या पाण्यावर जगला तर मूळ फुटेल. त्यांनी सांगून ठेवलंय."

"कुठे ठेवायचा?"

दाराजवळच्या फळीवर चावीवाल्याची टोपी असे. तिनं टोपी बाजूला सारली आणि तुकडा तिथं आडवा ठेवला. "तुमच्यापाशी."

त्यानंतर तिनं बोलणं टाकलं. जेवण वेळेवर, गणवेश इस्त्रीचा, पण शब्दांचा व्हॉल्व्ह पार बंद. फक्त संध्याकाळी तो घरी आला की मशीन थांबायचं आणि मान वर न करता ती विचारायची, "आलं का काही?"

तो तुकडा उचलायचा, कापलेली बाजू निरखायचा आणि सांगायचा, "अजून नाही."

बस्स, तेवढंच. पण तेवढ्यासाठी तो शेवटच्या गल्लीतून झपाझपा घरी येऊ लागला. तुकडा आकसत चालला होता, अंगावर सुरकुत्या पडल्या होत्या. एकदा तो हातात धरलेला असताना चावीवाल्याला ट्रकच्या सावलीत बसलेला माणूस दिसला. इतक्या वर्षांत ड्रायव्हरलाही तहान लागली असेल हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

आणि एका संध्याकाळी त्यानं तुकडा उलटा केला, तर वाळून कडक झालेल्या खपलीतून पांढरा दोरा बाहेर आला होता. नखाएवढा.

मशीन थांबलं. "आलं का काही?"

मूळ आलं की माती, माती आली की कुंडी, कुंडी आली की खिडकी. आणि मग तिला विचारायला काय उरणार? चावीवाल्यानं तुकडा फळीवर ठेवला, मुळाची बाजू भिंतीकडे करून.

"अजून नाही," तो म्हणाला.

मशीन लगेच सुरू झालं नाही.

"राहू द्या," बायको म्हणाली. "घाई नाही."

आज चार शब्द जास्तीचे मिळाले होते. चावीवाला टोपी हातात घेऊन तिथंच उभा राहिला.