मागची डेग

"धुवा, चांगलं दोन पाण्यांनी धुवा. धुतलं की काही राहत नाही," असं म्हणत केटरिंगच्या मालकाने नाकाला रुमाल लावला आणि तो दोन पावलं मागे सरकला.

त्याचा आचारी, उस्ताद, क्रेटवर वाकून बसला होता. परवाच्या लग्नासाठी आणलेलं आणि उरलेलं कच्चं मटण त्या क्रेटमध्ये होतं. मधला अख्खा एक दिवस फ्रीजर बंद पडला होता. हे मालकाला माहीत होतं, उस्तादला माहीत होतं, आणि भांडी घासणाऱ्या मावशीला तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं, कारण फ्रीजरखाली साचलेलं तांबूस पाणी तिनेच पुसलं होतं. उस्तादने एक तुकडा उचलला. बोटांबरोबर चिकट तार वर आली. हाडाजवळ हिरवट झाक धरली होती. त्याने तो तुकडा परत क्रेटमध्ये टाकला.

"वास मारतंय, मालक."

"अहो, रोज्यात नाक खवळलेलंच असतं. मला सकाळपासून साबणाचासुद्धा वास सहन होत नाहीये." मालकाच्या डाव्या हातात तसबीह होती. बोलताना मण्यांची चाल अजिबात चुकत नव्हती. "मसाला जरा सढळ हाताने घाला. तुमच्या हाताला काय अशक्य आहे?"

रोजा सोडायची ही दावत एका बिल्डरची होती. पुढच्या गार हॉलमध्ये पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्यांवर त्याचे पाहुणे बसणार होते, आणि मागच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, त्याच्याच इमारतींवर काम करणारे दीडशे मजूर. दारावर मोठा फलक लागला होता. त्यावर कोपऱ्यात चंद्रकोर होती आणि मधोमध बिल्डरचा चेहरा, चंद्राच्या आठपट. रोजेदारांची सेवा करण्याचं भाग्य लाभल्याबद्दल त्याने स्वतःच स्वतःचं अभिनंदन केलं होतं.

डेगा, म्हणजे मोठी पातेली, दोन होत्या. ताजं मटण हॉलच्या डेगेत जायचं होतं आणि क्रेटमधलं मागच्या डेगेत. वाढताना घोटाळा होऊन भलतीच डेग हॉलमध्ये जाऊ नये म्हणून मालकाने मागच्या डेगेच्या कड्याला स्वतःच्या हाताने लाल चिंधी बांधली. वर्षभरात त्या स्वयंपाकघरात त्याने स्वतःच्या हाताने केलेलं हे एकमेव काम. आणि किती मन लावून केलं! गाठ ओढून बघितली, मग अजून एक मारली.

उस्तादने मटण धुतलं. दोन नाही, सहा पाण्यांनी धुतलं. का धुतलं, याचं फार मोठं कारण नव्हतं. तो अठ्ठावन्न वर्षांचा होता, त्याच्या गुडघ्यांत पाणी झालं होतं, आणि बारमाही काम देणारा हा एवढाच मालक उरला होता. शिवाय हाताला सवय असते. समोर मटण आलं की हात आपोआप लसणाकडे जातो. पाप मालकाचं, आपण फक्त शिजवणारे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं आणि कामाला लागला. लसूण दुप्पट घातला, आलं दुप्पट, मिरची तिप्पट, वरून सिरका ओतला. आयुष्यभर जे कसब चव आणायला वापरलं, ते त्या दुपारी घाण लपवायला वापरलं. आणि खरं सांगायचं तर ते त्याने चोख वापरलं.

चारच्या सुमाराला मालक दोन पाहुण्यांना घेऊन आत आला. पाहुणे अंमळ लवकरच आले होते. त्यातल्या एकाच्या तोंडाला सिगरेटचा ताजा वास होता आणि दुसऱ्याने उंबऱ्यातच तृप्त ढेकर दिली.

"हे आमचे उस्ताद," मालक म्हणाला. "एकतीस वर्षं झाली, रोज्यात कधी मिठाचा कणसुद्धा जिभेला लावला नाही! स्वयंपाक्याला तेवढी सूट आहे बरं का, टोकाला लावायचं आणि थुंकायचं. पण नाही! हे नुसत्या वासावर शिजवतात. उस्तादांचा रोजा म्हणजे रोजा!"

"कमाल आहे," ढेकरवाला म्हणाला आणि त्याने मोबाइलवर उस्तादचा फोटो काढला.

उस्तादने मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली. नम्रता कसली, त्याला गुदगुल्या होत होत्या. दरवर्षी व्हायच्या. एकतीस वर्षांची ती गोष्ट त्याने आपणहून कुणाला कधी सांगितली नव्हती, पण कुणी सांगायला लागलं की तो हातातलं काम थांबवून उभा राहायचा. आत्ताही त्याच्या हातातला झारा थांबला होता, आणि बाजूला लाल चिंधीची डेग रटरटत होती.

उस्ताद चाखत नसे, म्हणून ते काम मावशीकडे होतं. तिला साखरेचा आजार, दिवसाला आठ गोळ्या. डॉक्टरने रोजे बंद केले होते. पहिल्या वर्षी ती रडली होती. मग उस्तादने तिला चाखायचं काम दिलं, तेव्हापासून ती रमजानभर जरा ताठ चालायची. पाहुणे गेल्यावर तिने हॉलच्या डेगेतला रस्सा चाखला आणि म्हणाली, "मीठ कणभर हवं." मग ती मागच्या डेगेकडे वळली. पळीच्या टोकावर थोडंसं घेतलं, जिभेला लावलं, आणि तशीच मोरीकडे धावली. थुंकली, चूळ भरली, परत थुंकली.

"उस्ताद," पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "हे माणसांना वाढायचंय का?"

उस्ताद झाऱ्याने डेग ढवळत राहिला.

"मी तुम्हाला विचारतेय. दिवसभर विटा वाहिलेली माणसं आहेत ती. रिकाम्या पोटी हे गेलं तर सकाळपर्यंत निम्मी आडवी होतील."

"मालकांना सांगतो."

"सांगा. लवकर सांगा."

पावणेसहा वाजले होते. मजूर यायला लागले होते. हातपाय धुऊन, ओले केस मागे सारून, कोपरापर्यंत सिमेंटने उललेले हात पुसत ते चटयांवर रांगेने बसत होते. प्रत्येकापुढे कागदी ताटली, तीन खजूर आणि रिकामा ग्लास. आतून डेगेचा वास येत होता आणि त्या तिखट वासाने त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं असणार. उस्तादने मालकाला आत बोलावून घेतलं.

"ही डेग बाहेर जाऊ देऊ नका, मालक."

"झालं का परत सुरू?"

"मावशीने चाखलं. सडलंय."

"मावशीच्या जिभेवर गोळ्यांची पुटं चढलीत. तिला साखरसुद्धा कडू लागेल." मालकाने मावशीकडे बघितलंसुद्धा नाही. "तिचं राहू द्या. तुम्ही चाखा. तुम्ही वाईट म्हणालात, तर आत्ता इथे ओतून देऊ. शब्द आहे माझा."

आणि तो हसला. उस्ताद चाखणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर तर तो क्रेट स्वयंपाकघरात आला होता.

"तुम्हीच चाखा की," उस्ताद म्हणाला.

"मी?" मालक दचकला. "माझा रोजा आहे, उस्ताद!"

"टोकाला लावून थुंकलं तर जात नाही."

"तेच तर मी म्हणतोय. मग लावा तुम्ही."

डेगेच्या दोन बाजूंना दोन रोजेदार उभे होते आणि मध्ये पळी. दोघांनाही आपापली जीभ फार प्यारी. बाहेर दीडशे माणसं मावळतीकडे डोळे लावून बसली होती आणि इथे ही दोन शहाणी माणसं आपापलं पुण्य सांभाळत होती. उस्तादला शिसारी आली. मालकाची शिसारी जुनी होती, तिची सवय झाली होती. ही नवी होती आणि ती त्याला स्वतःचीच आली होती.

काय जपत होतो आपण एकतीस वर्षं? हीच जीभ ना, जी दुपारपासून "होईल मालक", "झालंच मालक" करत होती? मिठाचा कण चालत नाही, आणि हे चालतं? या स्वयंपाकघरात तो तासन्‌तास एकटा असायचा. समोर नळ, घसा कोरडा, दार बंद. ओंजळभर पाणी प्यायलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तरी तो कधी प्यायला नव्हता, कारण बघणारा बघतो आहे. रोजा म्हणजे तेवढंच तर असतं. महिनाभर ती नजर अंगावर वागवायची, म्हणजे पुढेही ती सुटत नाही. मग तो बघणारा नुसता नळाकडे बघत होता का? क्रेटकडे बघत नव्हता?

त्याने पळी उचलली. जिभेच्या टोकाला वगैरे नाही, अख्खा तुकडा तोंडात घातला आणि चावला.

आधी मिरची लागली, मग सिरका. मग त्या दोघांच्या खालून ते वर आलं. आंबूस, बुळबुळीत, गोडसर. त्याने सगळं कसब लावून पुरलेलं मढं त्याच्याच तोंडात उठून बसलं. तो मोरीपर्यंत पोहोचलाच नाही. वाटेतच ओकला. रिकाम्या पोटातून नुसतं पिवळं पाणी आलं, पुन्हा आलं. मावशीने त्याची पाठ धरली. थुंकताना घशाखाली काही गेलं का, ते त्याला कळलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच आपला रोजा आहे की गेला, हे त्याला सांगता येत नव्हतं.

"सडलंय," तो म्हणाला. "ओता."

मालकाने घड्याळ बघितलं. "हे बघा उस्ताद, असेल थोडंसं. मी नाही म्हणत नाही. पण आता दहा मिनिटं राहिलीत, दीडशे माणसांना ऐन वेळी काय घालू? आणि त्यांची पोटं दगड पचवणारी असतात हो. तुमच्या-माझ्यासारखी नाजूक नसतात."

मोरीखाली फिनेलचा कॅन होता. उस्तादने झाकण फिरवलं आणि कॅन डेगेवर उपडा केला. लाल तर्रीवर पांढरा फेस पसरत गेला आणि इतक्या मसाल्याला जे जमलं नव्हतं ते झालं, सडक्या मटणाचा वास पार मेला.

"ए!" मालक किंचाळला. तसबीह खाली पडली. "वेड लागलं का तुला? भडव्या, हे काय केलंस?" इतक्या वर्षांचं 'तुम्ही' एका क्षणात गेलं. तो धावत हॉलच्या डेगेपाशी गेला आणि दोन्ही हात पसरून तिच्यापुढे उभा राहिला, जणू उस्ताद आता तिच्यावरही जाणार होता. "हिला हात लावायचा नाही! आणि बाहेर जाऊन तूच सांग त्यांना. मी तोंड दाखवणार नाही. उद्यापासून तूही मला तोंड दाखवू नकोस."

उस्ताद चूळ भरून बाहेर आला. मावशी त्याच्या मागे साध्या भाताची परात घेऊन आली. रस्सा नसेल तर नसेल, भात तर होता.

"मटण नाही," उस्ताद मोठ्याने म्हणाला. "भात आहे आणि खजूर. मटण ओतावं लागलं. नासलं होतं."

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग कुजबुज सुरू झाली. पहिल्या रांगेतला मुकादम उठून उभा राहिला. पन्नाशीचा, उन्हाने करपलेला, ओठ पांढरे पडलेला माणूस.

"नासलं होतं?"

"हो."

"कधी कळलं तुला?"

खोटं बोलणं सोपं होतं. आत्ताच कळलं, एवढंच म्हणायचं होतं. "दुपारी," तो म्हणाला. "क्रेट उघडला तेव्हाच."

"मग शिजवलंस कशाला?"

उस्तादने मावशीच्या हातातल्या परातीकडे बघितलं.

"दुपारपासून आम्हाला वास येतोय त्याचा. पलीकडच्या बांधकामाच्या चौथ्या मजल्यावर येत होता," मुकादम म्हणाला. "पोरं म्हणत होती, आज मजा आहे. आणि तुला माहीत होतं? माहीत असून ढवळत बसला होतास? थू तुझ्या रोज्यावर!"

कुणी अंगावर आलं, शिवी दिली, तर रोजेदाराने उलट बोलायचं नसतं. माझा रोजा आहे, एवढंच म्हणायचं आणि गप्प राहायचं. लहानपणापासून उस्ताद तेच करत आला होता. बाजारात, रांगेत, भाऊबंदांच्या भांडणात त्याने कितीदा तरी ते वाक्य म्हटलं होतं आणि म्हणताना समोरच्यापेक्षा वीतभर उंच झाल्यासारखं त्याला वाटलं होतं. सवयीने ते आत्ताही ओठांवर आलं. तोंडात अजून तो आंबूसपणा होता. त्याच्याने ते वाक्य म्हणवेना.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

तेवढ्यात अजान झाली. दीडशे हात ताटल्यांकडे गेले. मुकादमही खाली बसला आणि त्याने खजूर उचलला. खजूर चावल्याचे, कोरड्या घशांनी गिळल्याचे आवाज तेवढे येत होते. पुढच्या हॉलमधून चमच्यांचा आणि हसण्याचा आवाज यायला लागला होता.

पाणी अजून कुणी वाढलंच नव्हतं. उस्तादने पिंपातून जग भरला आणि पहिल्या रांगेपासून ओतायला सुरुवात केली. एक ग्लास, दुसरा, तिसरा. माणसं त्याच्याकडे न बघता पीत होती. मुकादमापाशी तो वाकला, तेव्हा मुकादमाने खजूर चावता चावता आपला तळवा ग्लासावर आडवा धरला.

उस्ताद जग धरून थोडा वेळ तसाच वाकून राहिला. तळवा हलला नाही. मग तो पुढच्या ग्लासाकडे सरकला. अजून शंभरावर ग्लास भरायचे होते आणि त्याच्या स्वतःच्या घशाला पहाटेपासून पाण्याचा थेंब लागलेला नव्हता.