दोघी जावा आणि पाण्याचा ताण

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकून ऐकलेली गोष्ट अर्धीच पोचते. आज दोघी जावांची गोष्ट सांगते, ऐकून उठाल तेव्हा मन जरा हलकं झालेलं असेल, हा माझा शब्द.

पाण्याला वरून एक न दिसणारी ताणलेली कातडी असते. तिच्यामुळे काचेवर थेंबाचे गोळे बसतात आणि वाळले की डाग पाडतात. म्हणून चष्म्याच्या काचा करणारे शेवटच्या धुण्यात एक रसायन थोडंसं घालतात. पाण्याचा ताण उतरतो, पाणी पसरतं, निथळून जातं. ते रसायन या दोघी घरामागच्या खोलीत करत. थोरली कालवायची, धाकटी मोजायची.

मध्यंतरी थोरलीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात परत आला, पण पूर्वीचा नव्हे. कितीतरी महिने खोलीला कुलूप होतं. कुलूप उघडून रसायनाचा पहिला घाणा काढला त्या सकाळी ती म्हणाली, "आजचा उतरला नाही तर हे माझं शेवटचं कालवणं. पुढे तू बघ, मी देवाचं करत बसेन."

"दिवसभर? देव कंटाळेल, जाऊबाई."

"तुझ्या येरझाऱ्यांना फरशी कंटाळलीय. ती बोलते का काही?"

खरंच होतं ते. धाकटीचा पाय ठरत नसे. घरात तिला भिंगरीच म्हणत.

मोजायची रीत साधी. प्लॅटिनमची बारीक कडी ज्योतीवर लाल करायची, म्हणजे बोटांचा तेलकटपणा जळून जातो. मग ती पेल्यातल्या पाण्यात बुडवून हळूच वर ओढायची. पाणी कडीला धरून ताणलं जातं आणि तुटतं. किती ओढल्यावर तुटलं ते यंत्राची तबकडी सांगते. नुसतं पाणी बहात्तरला तुटतं. थोरलीचं रसायन घातलेलं पस्तिसाच्या आत तुटायला हवं.

नुसतं पाणी बहात्तर आलं. म्हणजे यंत्र ठीक. रसायनाचं आलं चव्वेचाळीस.

धाकटीने पेला ओतून दिला. घासला, कडी लाल केली, नवं पाणी, नवं रसायन, ढवळलं, बुडवलं, ओढलं. सेहेचाळीस. पुन्हा ओतलं. खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा भरलं. त्रेचाळीस. तेवढ्यात चष्मेवाल्यांचा फोन.

"वहिनी, गाडी पाठवू?"

"पाठवा. नको, थांबा. मी सांगते."

"मग मी करू काय?"

"चहा घ्या."

पलीकडच्या खोलीतून थोरलीची हाक आली, "काय आलं गं?"

"कडी तापवतेय."

"मघापासून तापवतेस. वितळेल."

धाकटीच्या मनात आलं, चौतीस म्हणून मोकळं व्हावं. पण आठवड्याभरात काचांवर डाग दिसले असते आणि चष्मेवाल्यांनी ते थोरलीच्या तोंडावर सांगितलं असतं. परक्याकडून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेलं बरं. नुकताच भरलेला पेला तसाच टाकून ती उठली.

थोरली रबरी चेंडू दाबत बसली होती. धाकटी बसली, उठली, पुन्हा बसली.

"चव्वेचाळीस. दर वेळी तसंच."

थोरलीने चेंडू खाली ठेवला. हाताकडे बघत राहिली. धाकटीने तो हात धरला, आणि दोघी तशाच बसून राहिल्या, भिंगरीसुद्धा. बऱ्याच वेळाने थोरली म्हणाली, "एकदा माझ्यादेखत मोज. मग ठरवीन."

धाकटी तिला मोजायच्या टेबलाशी घेऊन आली आणि मघाशी भरून टाकलेल्या पेल्यात कडी बुडवली. तेहतीस.

"परत मोज," थोरली म्हणाली.

धाकटीने नवा पेला भरला. पंचेचाळीस. तिचे डोळे भरून आले.

"थांब. हा कधी भरलास?"

"आत्ता. तुमच्यासमोर."

"आणि तो?"

"तुमच्याकडे यायच्या आधी."

"अगं, रोज पेला मी भरायचे. भरायचा, झाकायचा, देवापुढे बसून पदं म्हणायची, आणि मग तुला हाक मारायची."

त्या सकाळी थोरलीला त्रास नको म्हणून धाकटीने पेला स्वतः भरला होता. रसायन पाण्यात सगळीकडे विरतं, पण पृष्ठभागावर जमून ताण उतरवायला त्याला वेळ लागतो. इतकी वर्षं तो वेळ थोरलीच्या पदांत जात होता आणि दोघींना पत्ता नव्हता. नाम घेतल्याने रसायन वर आलं, असं मी म्हणणार नाही. ते वेळाने आलं. पण रिकामा वेळ माणसाला छळतो, आणि तिने तो गोड केला होता.

दोघींनी नवा पेला झाकला. धाकटी उठायला गेली. थोरलीने तिचं मनगट उजव्या हाताने धरून खाली बसवलं, आणि गायला सुरुवात केली. पेला उघडला तेव्हा बत्तीस आलं. थोरलीने स्वतः चष्मेवाल्यांना गाडी पाठवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशीचा घाणा कालवायला घेतला.

आता एक मागणं. संध्याकाळी देवापुढे बसाल तेव्हा त्या भिंगरीची आठवण काढा. खरा आकडा सांगायला उठली ती, म्हणून तो पेला निवांत राहिला. आणि तिला अजूनही दुसऱ्या पदापुढे बसवत नाही.