विमानासाठी काढलेल्या दोन ओळी

पितांबर नानांना जावयानं विमानाचं तिकीट पाठवलं, त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. मुलगी गुवाहाटीला होती, बाळंतपण जवळ आलं होतं. नानांच्या पत्नी सुमनबाईंनी डिंकाचे लाडू करायला घेतले, शेजारपाजारी तिकीट दाखवून आणलं. नाना मात्र आतून पार हादरले होते. धुळ्याच्या पाचव्या गल्लीतल्या लोकसेवा वाचनालयात ते अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होते. विमानांविषयी त्यांनी पुष्कळ वाचलं होतं, आणि वाचलेलं सगळं आता उलटून त्यांच्याच अंगावर येत होतं.

कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या कय्युमला त्यांनी ही गोष्ट भीतभीतच सांगितली. तो हसला आणि त्यानं चार फ्लॉपी त्यांच्या हातात ठेवल्या.

"नाना, यात विमान आहे. खऱ्यासारखं. तुमच्या मशीनवर आधी चार-पाच वेळा उडवून बघा, पाडून बघा. मग भीती मरेल."

वाचनालयात मशीन होतं. दोन वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, एका दात्यानं दिलेलं. त्यावर मुमताज नावाची तेवीस वर्षांची मुलगी पुस्तकांची यादी मराठीत भरत होती. चौदा महिने झाले होते, नऊ हजारांवर पुस्तकं भरून झाली होती. सोमवारी बारा वाजता वाचनालयाची तपासणी होती. यादी पसंत पडली तर वाचनालय 'ब' वर्गातून 'अ' वर्गात जाणार होतं आणि मुमताजची नोकरी कायम होणार होती. सचिव रतिलालभाऊंनी तसा शब्द दिला होता. यादीची राखीव प्रत मात्र कोणाकडे नव्हती. फ्लॉपी आणू, आणू म्हणत ते राहून गेलं होतं.

रविवारी वाचनालय बंद असतं. दुपारी नानांनी कुलूप काढलं, आतून कडी घातली, आणि चोरी करायला बसल्यासारखे ते मशीनपुढे बसले. चारही फ्लॉपी एकामागून एक घातल्या. विमानाचं नाव आलं, क्षणभर निळं आकाश आलं, आणि मग काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली. आउट ऑफ मेमरी.

कय्युमला हे माहीत होतंच. त्यानं एका चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं होतं आणि तोंडीही समजावलं होतं. "मेमरी चार एमबी आहे हो मशीनमध्ये. पण असे प्रोग्राम पहिल्या सहाशे चाळीस केबीमध्येच जागा मागतात. आणि तिथे आधीच मंडळी बसलेली असते. तुमच्या पेपरच्या बाकावर सकाळपासून बसतात ना म्हातारे, तशी. विमानाला पाचशे साठ मोकळी लागते. काहींना उठवायचं."

चिठ्ठीत पहिली आज्ञा होती ती नानांनी दिली. यादी आली. मोकळी जागा चारशे एकाहत्तर. खाली, कोण किती जागा अडवून बसलंय त्यांची नावं, सगळी इंग्रजीत, सगळी तुटकी.

पुढे कय्युमनं लिहिलं होतं : 'मशीनच्या फायलींना हात लावू नका. कोरी फ्लॉपी घ्या, ती फॉरमॅट करा, तिच्यावर वेगळी सुरुवात बनवा. विमान उडवायचं असेल तेव्हा ती घालून मशीन चालू करा.'

फॉरमॅट हा शब्द वाचला आणि नानांचा हात मागे आला. एका कचेरीत कोणीतरी हाच शब्द दाबला आणि तीन वर्षांचं काम एका मिनिटात पुसून गेलं, असं त्यांनी ऐकलं होतं. फ्लॉपीसाठी 'ए' आणि मशीनसाठी 'सी', एवढाच काय तो फरक. आपलं बोट घसरलं तर? आपली बोटं अलीकडे घसरतात. नको. त्यापेक्षा मशीनच्याच सुरुवातीच्या फायलीतल्या दोन ओळी काढाव्यात, हे त्यांना फार सुरक्षित वाटलं. ओळ काढणं म्हणजे काय, खोडरबरचं काम.

त्यांनी फाईल उघडली. एक ओळ माउसची होती, ती कळली. माउस त्यांना चालवताच येत नसे. दुसऱ्या ओळीतलं नाव कशाचं, ते कळेना, पण यादीत तिच्यापुढे शहाण्णव लिहिलेलं होतं. एवढी जागा अडवून बसलेला हा कोण? असेल मशीन विकणाऱ्या दुकानदाराचं काहीतरी. नानांनी दोन्ही ओळी पुसल्या, फाईल ठेवून दिली आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

पाचशे ऐंशी.

विमान सुरू झालं. मशीनच्या पोटातून माशीसारखा आवाज येऊ लागला. हिरवी जमीन मागे सरकली, खाली गेली, आणि नाना खुर्चीला घट्ट धरून बसले. नाक वर, आणखी वर. अचानक भोंगा वाजला, आकाश कलंडलं, जमीन गरागरा फिरत वर आली आणि काच तडकलेली दिसली. भीती काही मेली नाही. सदरा पाठीला चिकटला होता. पुरे झालं, असं म्हणून त्यांनी विमान बंद केलं आणि जाण्यापूर्वी, उगीच मनाच्या समाधानासाठी, मुमताजची यादी उघडून पाहिली.

यादीत पुस्तकं नव्हती. नावांच्या जागी चौकटींचे तुकडे होते, उलटसुलट रेघा होत्या, ग्रीक अक्षरं होती, पौंडाच्या खुणा होत्या. दुसरं पान तसंच. शंभरावं पान तसंच. पुसलेल्या ओळी पुन्हा लिहाव्यात म्हणून त्यांनी फाईल उघडली, पण त्या आठवेनात. नऊ हजार पुस्तकांपैकी कुठलं कुठल्या कपाटात आहे ते सांगणाऱ्या माणसाला वीतभर ओळ आठवेना. कय्युमचा क्लास रविवारी बंद. त्यांनी मशीन बंद केलं आणि त्यावर कापड घातलं. मेलेल्या माणसावर घालतात तसं ते त्यांना वाटलं.

ते थेट मौलवीगंजात मुमताजच्या घरी गेले. तिची आई रहिमाबी दारातच उभी होती.

"या नाना, या! मुमताज, अगं नाना आले बघ. उद्याचं काही राहिलं का?"

"नाही... सहज. इकडून चाललो होतो."

मुमताजनं चहा आणला. ती खुशीत होती. "नाना, उद्या मी साहेबांना कोणतंही पुस्तक विचारा म्हणणार आहे. एका झटक्यात काढून दाखवते. अम्मीनं नवा ड्रेस शिवलाय, बघा."

सांग, सांग, असं नाना स्वतःलाच म्हणत होते. चहा संपला. बशी खाली ठेवताना तिचा आवाज झाला आणि ते दचकले.

"बरं नाही का नाना?"

"ऊन लागलं थोडं," ते म्हणाले आणि उठले. रात्रभर ते कूस बदलत होते. लाडवांच्या डब्याची बडबड करता करता सुमनबाई झोपून गेल्या.

सोमवारी नाना पोहोचले तेव्हा उशीर झाला होता. मुमताज नव्या ड्रेसमध्ये मशीनपुढे बसली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. मागे रतिलालभाऊ उभे होते. कापसाच्या व्यापारातला माणूस, आवाज नेहमी बाजारात असल्यासारखा.

"हाई काय शे वं मुमताज? बठ्ठं गये का?"

"सगळं कसं गेलं ते मला माहीत नाही, भाऊ. शनिवारी सहा वाजता चांगलं होतं. मी रोजच्यासारखं बंद केलं. की... की मी काही दाबलं असेल..."

"दाबलं असेल म्हणे! चौदा महिने पगार घेतला आणि आज, तपासणीच्या दिवशी, दाबलं असेल? साहेब येतीन बारा वाजता. त्यांना काय, हे किडे दाखवू? कमिटीत मी एकटा तुझ्यासाठी भांडलो. आता नोकरी कायम सोड, आजच घरी जा."

मुमताज रडली नाही. ती हात मांडीवर ठेवून बसली आणि शनिवारी कोणकोणत्या किल्ल्या दाबल्या ते बोटांवर आठवू लागली. ते बोटांवर मोजणं नानांना पाहवलं नाही.

"भाऊ," नाना म्हणाले. "भाऊ, तिनं नाही. मी केलं."

"तुम्ही? तुम्हाला मशीन चालू तरी करता येतं का, नाना?"

"काल आलो होतो. विमानाचा खेळ बसत नव्हता, मेमरी कमी पडत होती. जागा व्हावी म्हणून सुरुवातीच्या फायलीतल्या दोन ओळी पुसल्या. त्यानंतर हे असं झालं."

रतिलालभाऊ त्यांच्याकडे पाहतच राहिले. "ईमानाचा खेळ? या वयात?"

मुमताज मात्र खुर्चीत फिरली. "पुसल्या? कुठल्या?"

"एक माउसची. दुसरीला शहाण्णव लागत होते."

तिनं पडद्याकडे पाहिलं, मग अगदी जवळून पाहिलं. अक्षरांच्या त्या कचऱ्याच्या डावीकडे पुस्तकांचे दाखल क्रमांक होते, इंग्रजी आकड्यांत, सगळे जागच्या जागी. ती उठली, कपाटातून मशीनबरोबर आलेली दुकानदाराची जुनी फ्लॉपी काढली आणि एक शब्द न बोलता घातली. मशीन कुरकुरलं, बंद झालं, चालू झालं. नानांनी डोळे मिटून घेतले होते.

"आली," रतिलालभाऊ ओरडले. "आली रे, नावं आली!"

"गेलीच नव्हती, भाऊ," मुमताज म्हणाली. "मराठी अक्षरं दाखवणारा प्रोग्राम नानांनी काढला होता. यादी होती तशीच होती, ती दिसत नव्हती फक्त."

रतिलालभाऊंनी घाम पुसला, मुमताजकडे न बघता "बरं, बरं, लाग कामाला" असं काहीतरी पुटपुटले आणि साहेबांच्या नाश्त्याचं बघायला बाहेर गेले. नाना टेबलाशी उभेच होते. खाली बसावं की नाही, ते त्यांना ठरवता येईना.

मुमताज पानं उलटत होती, पडद्याकडेच बघत होती.

"नाना, काल तुम्ही आमच्या घरी आलात. चहा घेतलात. तेव्हा का नाही सांगितलं?"

"भीती वाटली."

"भाऊंची?"

"नाही." नानांनी चष्मा काढला. "तुझी."

तिची बोटं थांबली. "माझी? मला तर आमच्या गल्लीतली कोंबडीपण घाबरत नाही."

नाना सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसू लागले.

"सकाळपासून इथे मी मरत होते," ती म्हणाली. "अर्धा तास. मीच काहीतरी केलं असेल असं वाटत होतं मला. माझा अर्धा तास कोण परत देणार?"

"कोणी नाही," नाना म्हणाले. "साहेब आले की त्यांच्यासमोरही मी हे सांगेन. भाऊ काही म्हणोत."

"नको. साहेबांना काही सांगू नका, 'अ' वर्ग जाईल. भाऊंना मात्र सांगा, मला घरी जा म्हणाले ते मागे घ्या म्हणून. तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

रतिलालभाऊंपुढे असं काही बोलायची वेळ अठ्ठावीस वर्षांत नानांवर कधी आली नव्हती. बाहेर भाऊंचा आवाज ऐकू येत होता, ते भजीवाल्यावर ओरडत होते. त्यांनी चष्मा घातला आणि ते दाराकडे निघाले.