भिंतीवरचे जंतू

भिंगातून पडलेल्या उजेडात भिंतीवर हाताएवढे जंतू वळवळत होते. दर्याबुवांनी भिंगाखालच्या काचेवर तीर्थाचा एक थेंब सोडला. जंतू तडफडले, आकसले, निपचित पडले.

"डॉक्टर सहा महिने गोळ्या चारतो," बुवा गरजले, "समुद्राला सहा श्वास पुरतात!"

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. सासूबाईंनी डोळे पुसले. त्यांच्या शेजारी माझी नणंद बसली होती. तिला फुफ्फुसाचा क्षय. दोन महिने गोळ्या घेतल्या, मग सासूबाईंच्या हट्टापायी त्या सोडून रोज वाटीभर तीर्थ सुरू केलं. दर आठवड्याला बुवा तिच्या थुंकीत 'शोधजल' मिसळून जंतू दाखवत. आधी चाळीस, मग वीस, मग सात. आज तिची भिंत कोरी निघाली, की ती माझ्या पाच महिन्यांच्या लेकीला पहिल्यांदा मांडीवर घेणार होती. त्यासाठी सकाळीच तिनं नखंसुद्धा कापली होती.

मी आज पहिल्यांदाच आले होते, आणि मला ते जंतू ओळखीचे वाटले. एकच डोळा, वल्ह्यांसारखे हात, झटके देत पोहणं. आमच्याकडची निम्मी माणसं कोळंबीची पिलं वाढवण्याच्या कारखान्यात आहेत. पिलांच्या चाऱ्यासाठी आम्ही रोज खाऱ्या पाण्यात बारीक अंडी उबवतो. निघालेले जीव हौदात नुसता नारिंगी धुरळा दिसतात. भिंगाखाली ते मोजायचं काम माझ्या एकटीचं. बाकीच्यांनी तो चारा बादल्यांनी ओतला होता, बघितला कधीच नव्हता.

कारखाना रस्त्यापलीकडेच. लेकीला कडेवर घेऊन गेले, चमचाभर पाणी बाटलीत आणलं.

"बुवा, माझीही थुंकी बघा."

शोधजल घालायच्या आतच भिंत गजबजली.

"अरेरे, पोरी! तू तर गळ्यापर्यंत भरलीस!"

"ही थुंकी नाही. तीन नंबरच्या हौदातला चारा आहे."

भिंतीकडे बघत आमच्या कारखान्याचा मुकादम पुटपुटला, "च्यायला, हे तर आपलंच की!" त्यानं टेबलावरचा कपडा ओढला. खाली काचेच्या टाकीत जेलीफिश पसरल्या होत्या. तीर्थ म्हणजे याच टाकीतलं पाणी.

"पण मेले तर ना ते?" सासूबाई ओरडल्या. "गुण आहेच पाण्यात! हिलाच बघवत नाही माझ्या लेकीचं बरं झालेलं."

"मरणारच, आई. जेलीफिश असल्याच किड्यांवर जगते. तिनं पाण्यात सोडलेलं विष त्यांना लुळं करतं, मग ती गिळते. क्षयाचे जंतू इतके बारीक, की या भिंगातून ठिपकासुद्धा दिसायचा नाही. हातपाय तर त्यांना नसतातच. आणि पोटात गेलेलं हे पाणी फुफ्फुसातल्या जंतूंचं काय करणार?"

"मग दर वेळी कमी कसे व्हायचे?" नणंदेनं हळूच विचारलं.

मी शोधजलाची कुपी उजेडात धरली. आत नारिंगी धुरळा फिरत होता. "बुवाच दर वेळी हे किडे कमी घालायचे गं."

बुवा मागच्या दारानं गेले. चारपाच जण तरीही उरलेलं तीर्थ बाटल्यांत भरत होते.

दवाखान्यात खरी तपासणी झाली. नणंदेच्या थुंकीत क्षयाचे जंतू भरपूर होते. "गोळ्या मधेच सोडल्या, त्यामुळे त्याच आता लागू पडतील की नाही, तेही तपासावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर लेकीनं आत्याकडे दोन्ही हात पसरले. नणंद चार पावलं मागे सरली, पदर तोंडावर घेतला.

"वहिनी, तिला लांब ने गं," ती म्हणाली. "मला खरंच बरं वाटत होतं."

डोळ्यांदेखत काही मेलं, एवढ्यावर औषध सोडू नका. काय मेलं, ते आधी विचारा.