शेठला शपथ कोण घालणार?

२००२ साली आमच्या वाडीने खंडोबापुढे बेलभंडारा उचलला आणि आपली मतं आपल्याच हाताने पुरली. त्या शहाण्यांत मीही होतो, म्हणून कुणाला शिव्या द्यायची सोय नाही.

धर्माजीशेठ कांद्याचे बडे आडतदार. सुनेला सरपंच करायचं त्यांच्या मनात आलं. त्यांनी निरोप धाडला, निवडणूक बिनविरोध करा, देवळाला सभामंडप देतो. वाडीत नळ नव्हता, बाया दीड मैलावरून हंडे आणत होत्या. पण मंडप म्हटल्यावर आम्ही हुरळलो, सुनेविरुद्ध कुणी उभं राहणार नाही अशी भंडारा उचलून शपथ घेतली. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली आणि हुरळल्या मेंढीसारखे लांडग्यामागे निघालो.

अडचण एकच, माझी बायको सुंदरा. तिने नळासाठी म्हणून उमेदवारीचा अर्ज भरला होता.

माघारीच्या दिवशी सकाळी तिला देवळात बोलावलं. शेठही आले होते.

"समद्यांनी भंडारा उचललाय, पोरी. तू एकटीच ऱ्हायलीस," वाडीतले वडीलधारे गेणभाऊ म्हणाले.

"एकटी कशी? शेठबी ऱ्हायलेत की. नळ आणीन म्हणून त्यांनी भंडारा उचलावा. मी आत्ता घोडेगावला तालुक्याच्या कचेरीत जाऊन अर्ज माघारी घेते."

शेठ नुसते हसले. आणि मी, तिचा सख्खा नवरा, ताडकन उठलो.

"येडी का काय तू? मोठ्या माणसाला कुठं शपथ घालत्यात व्हय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

"मंग शपथा फकस्त आपल्यालाच?" सुंदराने विचारलं. गेणभाऊंनी बजावलं, ऐकलं नाहीस तर जत्रेत तुमच्या घरचा नैवेद्य घेणार नाही. तिने दुपारी घोडेगावात सही केली. महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

मंडप झाला. शेठच्या नावाची फरशीही बसली. दोन उन्हाळे गेले, नळ काही आला नाही. मग आम्ही दहाजण टोप्या सारख्या करून शेठच्या ओट्यावर गेलो.

"शेठ, तेवढं नळाचं बघा. तुमच्याच सूनबाई सरपंच हायेत."

"हायेत की," शेठ म्हणाले. "पण तुमी कुठं मतं दिली तिला? मतदान झालंच न्हाई. तुमी मंडप घेतला, आमी खुर्ची घेतली. आता कशाचं मागताय राव?"

दहाजणांत एकालाही उत्तर सुचलं नाही. सुंदराला सुचलं असतं, पण ती पाण्याला गेली होती.