शेगडीजवळचा मेपल

मी एक जुना बोन्साय मेपल आहे, मित्रांनो. वय नव्वद, उंची जेमतेम दीड हात आणि घर म्हणाल तर एक उथळ कुंडी. जपानमधल्या नागानोच्या डोंगराळ गावात तोकुजी नावाच्या म्हाताऱ्याने मला वाढवले. त्याच्या वडिलांनी मला त्याच्या हाती सोपवले होते. बायकोला, सोनोएला, त्याने मला कधी बोटही लावू दिले नाही.

"लग्न माझ्याशी केलंत की या कुंडीशी?" असा टोमणा ती अधूनमधून मारी.

गेल्या डिसेंबरात तोकुजी बर्फावरून घसरला, खुब्याचे हाड मोडले आणि इस्पितळात गेला. दर हिवाळ्यात तो मला परसातल्या लाकडी खोपटात हलवी. यंदा ते राहूनच गेले. एका सकाळी सोनोएला माझी माती गोठलेली दिसली. तिने मला उचलून घरात आणले आणि शेगडीजवळ ठेवले.

काय सांगू, किती बरे वाटले! दोन आठवड्यांत मला वाटले वसंत आला, आणि मी कळ्या फुगवू लागलो. नव्वद वर्षांचे झाड, पण अक्कल तेवढी नाही.

शेजारचा किहेई विचारपूस करायला आला आणि दारातच थबकला. "वहिनी, हे काय केलंत? झोपू द्या की त्याला! आत्ताच पालवी फुटली तर जगायचं नाही हे."

"मग बाहेर ठेवते, लगेच!"

"बाहेर ठेवाल तर उद्या सरपण होईल. खोपटात न्या. गोठायला नको नि ऊबही नको."

सोनोएने माझी कुंडी भाताच्या तुसात काठापर्यंत पुरली. घराच्या सरकत्या दारांसाठी आणलेला कागद खळ लावून खोपटाच्या फटींवर चिकटवला. रोज सकाळी मातीत बोट घालून ती म्हणे, "तू गेलास तर मी त्यांना काय तोंड दाखवू?" मला फार वाईट वाटे. हळूहळू मी पुन्हा झोपी गेलो.

मार्चअखेर तोकुजी काठी टेकत आला तो थेट खोपटात. सोनोए मागे उभी. एक फांदी वाळली होती. बाकी सगळीकडे तांबूस कळ्या.

"माझ्यामुळं गेली ती. शेगडीजवळ ठेवला होता मी," ती म्हणाली.

तोकुजीने कागद लावलेल्या फटी पाहिल्या आणि हसला. "पहिल्या वर्षी मीही ठेवला होता. दोन फांद्या गेल्या. बाबांनी कान असा पिळला म्हणून सांगू!"

"आणि इतकी वर्षं मला सांगितलं नाहीत?"

 तोकुजीने पाण्याची झारी तिच्या हातात दिली.

मित्रांनो, आम्हाला जरूर जपा, पण आमच्या वाट्याची थंडी आम्हाला सोसू द्या. त्या दिवशी सोनोएने पाणी जरा जास्तच घातले. मी सगळे पिऊन टाकले.